बिडाची जुनी कोळसा-शेगडी : अँथ्रासाइटवर घर ऊबदार ठेवायचं तर आधी काय तपासावं?

स्क्रँटनकर
ईशान्य पेनसिल्व्हेनियातलं जुनं दुमजली लाकडी घर. बैठकीच्या खोलीत ग्लेनवुडची जुनी बेस हीटर (तळही तापवणारी कोळशाची शेगडी) उभी आहे. टॉन्टन, मॅसॅच्युसेट्सच्या वीअर स्टोव्ह कंपनीचं काम. बाहेरून निकेलची नक्षी शाबूत, दारातली अभ्रकाची तावदानं तडकलेली. कोळसा जळतो त्या आतल्या गोल पात्राचा व्यास १४ इंच, खोली साधारण १२ इंच. पात्राला तडा दिसत नाही, जाळी मोकळी फिरते. मागच्या भिंतीत विटांचं धुराडं आहे, ते तळघरापासून छतापर्यंत जातं.

या भागात अँथ्रासाइट (कठीण, जवळजवळ बिनधुराचा दगडी कोळसा) टनावर सहज मिळतो. हिवाळ्यात मुख्य खोल्या या शेगडीवर गरम ठेवता येतील का? कोणता कोळसा घ्यावा, किती लागेल, पेटवायचा कसा, आणि पेटवण्याआधी काय काय तपासावं? आपल्याकडच्या कोळशाच्या शेगडीचा अनुभव इथे कितपत लागू पडतो, तेही जाणकारांनी सांगावं.

धुराडे
तपासणीच्या प्रश्नापासून सुरुवात करू या. शेगडी तपासण्याआधी धुराडं तपासा. कोळशाची शेगडी चालवतं ते धुराडं. शेगडी म्हणजे त्याच्या ओढीच्या (धूर वर खेचणाऱ्या प्रवाहाच्या) वाटेत ठेवलेलं बिडाचं भांडं. ओढ चांगली असेल तर सामान्य शेगडीही रात्रभर शांत जळते. ओढ नसेल तर उत्तमातली उत्तम शेगडीसुद्धा विषारी वायू खोलीत सोडते.

काय बघायचं: आत मातीच्या नळ्यांचं अस्तर आहे का, आणि अखंड आहे का. नुसत्या विटांच्या धुराड्यात कोळसा पेटवायचा नाही. अस्तराचे सांधे सरकलेत का, ते कॅमेरा सोडून बघावं लागतं, खालून टॉर्च मारून कळत नाही. तळघरातलं राख काढायचं छोटं दार घट्ट बसतं का? तिथून हवा आत गेली की ओढ तिथेच मरते. त्याच धुराड्याला पूर्वीचा तेलाचा बॉयलर किंवा पाणी तापवायचा गॅसचा बंब जोडलेला असेल तर कोळसा विसरा. एका वाटेला एकच उपकरण. वर छतातून बाहेर पडतं तिथे किमान ३ फूट उंची हवी, आणि १० फुटांच्या आत असलेल्या छताच्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट जास्त.

निखारा
बंब आठवा, तांब्याचा. मधली नळी, खाली जाळी, जाळीखाली राख. ती जाळी राखेने बुजली की धूर उलटा न्हाणीघरात. अँथ्रासाइटच्या शेगडीचं तत्त्व हेच: हवा खालून, जाळीतून, कोळशाच्या थरातून वर. लाकडाला वरून हवा दिली तरी ते जळतं, अँथ्रासाइट नाही.

वणीवाला
एक मोठा फरक आधीच स्पष्ट करतो, नाहीतर आपल्याकडचे अंदाज तिकडे लावून लोक फसतील.

आपल्या वणी, चंद्रपूर, उमरेडच्या खाणींतला दगडी कोळसा वेगळा. त्यात बाष्पशील द्रव्यं भरपूर, राखही भरपूर. तो काडीला लवकर धरतो, लांब पिवळी ज्वाळा देतो, काळा धूर देतो. अँथ्रासाइट हा कोळशाच्या प्रवासातला शेवटचा टप्पा. कार्बन साधारण ८६ ते ९७ टक्के, बाष्पशील द्रव्यं अगदी थोडी. हाताला काळं फारसं लागत नाही, फोडलं तर काचेसारखी चकाकी. धरायला अतिशय हट्टी, पण एकदा धरला की जवळजवळ धूर नाही, काजळी नाही, आखूड निळी ज्वाळा आणि तासन्‌तास एकसारखी उष्णता.

धूर नाही म्हणजे वायू नाही, असं मात्र समजू नका. ती निळी ज्वाळा म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड.

लोणारी कोळसा तिसराच. तो लाकडाचा. त्याच्या शेगडीचा अनुभव इथे फक्त पेटवणीपुरता कामाचा.

आणि बेस हीटरमध्ये आपल्यासारखा धुराचा कोळसा घालूच नये. तिच्या पोटातल्या अरुंद वाटा काजळीने भरतात.

गोधडी
निळी ज्वाळा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जळतोय, हे नीट कळलं नाही. मग ती दिसणं चांगलं की वाईट?

वणीवाला
चांगलं. खालच्या थरात हवा भरपूर असते, तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लाल कोळशातून जाताना त्यातला कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड होतो. वर थोडी हवा आणि पेटवायला उघडा निखारा मिळाला की तो तिथेच जळून जातो. ज्वाळा दिसते म्हणजे जळतोय. ज्वाळा नाही आणि वर सगळा काळा ताजा कोळसा, ही अवस्था धोक्याची. तेव्हा तो न जळता साठत असतो.

कोळशाची_पाटी
आकाराबद्दल. तिकडे अँथ्रासाइट चाळणीच्या मापाने विकतात आणि नावं बहुतेक खाण्याची: राइस, बकव्हीट, पी, चेस्टनट, स्टोव्ह, एग. राइस आणि बकव्हीट हे आपोआप कोळसा सरकवणाऱ्या आधुनिक यंत्रांसाठी. हाताने भरायच्या शेगडीला चेस्टनट, ज्याला सगळे नट म्हणतात: साधारण १३/१६ ते १ ५/८ इंच. १४ इंची पात्राला हाच योग्य. स्टोव्ह आकार (१ ५/८ ते २ ७/१६ इंच) मोठ्या पात्राला बरा, लहान पात्रात खड्ड्यांमधून हवा सुटते आणि आग मधेच विझते. वटाण्याएवढा पी घातला तर उलटं होतं. थर दाट बसतो, हवा अडते. ओढ जोरदार असेल तर मात्र रात्रीसाठी वरून थोडा पी टाकून आग मुद्दाम मंद ठेवता येते.

पोत्याच्या तळाची चुरी पात्रात ओतू नका. ती फटींत बसते आणि तेवढ्या जागी काळा डाग राहतो, तिथे आग जात नाही.

किती लागेल त्याचा हिशोब: १ पौंडाला साधारण १२,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं तिकडचं एकक). रोजचे ४० पौंड धरले तर ५ लाख बीटीयू. शेगडीची कार्यक्षमता ७० टक्के धरा, म्हणजे घरात तासाला सुमारे १४,५०० बीटीयू, साधारण सव्वाचार किलोवॉटचा हीटर रात्रंदिवस चालू. १५० दिवसांचे ६,००० पौंड, म्हणजे तिकडचे ३ टन. तिकडचा टन २,००० पौंडांचा असतो, आपला मेट्रिक नव्हे. भाव विचारताना हे लक्षात ठेवा. कडाक्याच्या थंडीत रोजचा आकडा ५०-६० वर जाईल. दुमजली लाकडी घराच्या टोकाच्या खोल्या एका शेगडीवर गरम होणार नाहीत, ते आधीच मनाशी धरा.

बिडाचा_तवा
आता शेगडीकडे. पात्र बाहेरून बरं दिसतं यावर विसंबू नका. रात्री खोलीत अंधार करा, आत एक प्रखर दिवा ठेवा, सगळी दारं झडपा बंद करा आणि चहूबाजूंनी बघा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून हवा आत जाणार. जाळीच्या खालच्या भागात अशी फट असेल तर आग तुमच्या ताब्यात राहत नाही: झडप बंद केली तरी कोळसा भडकलेलाच. जाळीच्या वर फट असेल तर ओढ कमजोर पडते.

सांध्यातली जुनी लांबी (पुट्टी) खरवडून नवी, भट्टीची उष्णता सोसणारी लांबी भरायची. सांधा आधी ओला करायचा, नाहीतर लांबी पकडत नाही. मग २-३ दिवस वाळू द्यायची, पहिल्या दोन-तीन आगी लहान, लाकडाच्या. एकदम पेटवली तर आतल्या पाण्याची वाफ लांबी फोडून बाहेर येते.

सावधान: जुन्या शेगड्यांच्या सांध्यांत, दोरीत आणि खालच्या पाटात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पांढरी-राखाडी तंतुमय वस्तू दिसली तर कोरडी खरवडायची नाही, झाडायची नाही. नमुना तपासून घ्या.

आतलं पात्र तडकलेलं निघालं तर जोडकाम करू नका. पितळी जोड बाहेरच्या नक्षीच्या तुकड्याला चालतो. पात्र लाल होतं, तिथे तो टिकत नाही. नवं ओतून घ्यायचं. ओतताना जुना भागच साचा म्हणून वापरला तर नवा भाग लहान येतो, कारण बीड थिजताना फुटाला साधारण १/८ इंच आकसतं. १४ इंचाच्या पात्राला सुमारे ३.७ मिलिमीटर. कोल्हापूरच्या कुठल्याही फाउंड्रीत हे पहिल्या दिवशी शिकवतात. चांगला ओतारी साच्यावर तेवढी जाडी आधी चढवून घेतो. जाळी करून घेतानाही तेच, उलट जास्त जपून. जाळीचे दाते एकमेकांत बसले नाहीत तर सगळी मेहनत वाया.

गोधडी
पेटवायचा कसा, ते कुणी पायरी-पायरीने सांगेल का?

निखारा
सांगतो. बेस हीटर आहे, म्हणून एक दांडा आधी समजून घ्या. तो वर असताना वायू सरळ पात्रावरून धूरनळीत जातात. खाली केला की ते मागच्या वाटेने शेगडीच्या पोकळ तळात उतरतात, तळ तापवतात आणि मग मागच्या नळीने वर चढतात. उष्णता घरात जास्त राहते म्हणून तिचं नाव बेस हीटर. पेटवताना, ढवळताना, कोळसा भरताना दांडा सरळ वाटेवर. आग पक्की झाल्यावरच तळाच्या वाटेवर.

जाळीवर कागद, त्यावर बोटाएवढ्या कोरड्या काटक्या, त्यावर मनगटाएवढी सुकी लाकडं. राखेच्या दाराची हवा पूर्ण उघडी. अर्ध्या तासात लाल निखाऱ्यांचा थर तयार होतो. लाकडाऐवजी लोणारी कोळसाही चालतो, त्याचा थर जास्त सपाट बसतो.

मग कोळशाचा एकच पातळ थर, एक-दीड फावडं. तडतड ऐकू येईल, ती थांबेपर्यंत हात लावायचा नाही. खालून लाली वर दिसायला लागली की दुसरा थर. असं तीन-चार वेळा, दीड-दोन तासांत पात्र काठापर्यंत भरायचं. घाई केली की लाकडाची आग गुदमरते आणि मग सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून.

काठापर्यंत, हे महत्त्वाचं. लाकडाची सवय असलेले लोक थोडा थोडा कोळसा घालतात. अँथ्रासाइटला जाड थर हवा, तो स्वतःच्या उष्णतेवर टिकतो. ४-५ इंचांचा थर कितीही हवा दिली तरी निपचित पडतो.

कोळशाची_पाटी
+१. आणि वरून सळईने टोचणं, ढवळणं अजिबात नाही. शेकोटीत काठी घालायची आपली सवय इथे नुकसान करते. राख वर निखाऱ्यांत मिसळते, तिथल्या उष्णतेत वितळते आणि थंड झाली की तिचे खंगर होतात. वीटभट्टीत जादा भाजलेल्या विटा जशा एकमेकींना चिकटतात तसंच. मग ते जाळीत अडकतात आणि जाळीचा दांडा हलत नाही. बाजूची राख मोकळी करायची तर पातळ, टोकाला वाकवलेली सळई खालून जाळीच्या फटीतून घालावी. जादा हवेनेही खंगर होतात.

निखारा
रोजचं वेळापत्रक दर १२ तासांनी. राखेच्या दाराची हवा ५-१० मिनिटं वाढवा, आग उजळू द्या. मग जाळीचा दांडा आखूड हिसक्यांनी हलवा, लांब झोके नाहीत. राखेच्या ट्रेमध्ये लाल ठिपके सगळीकडे सारखे पडायला लागले की थांबा. कमी हलवलं तर राख साठते आणि दोन दिवसांनी आग मरते. जास्त हलवलं तर पेटता कोळसा वाया आणि थर खचतो.

मग ताजा कोळसा, पण सगळा लाल भाग झाकायचा नाही. मागे उंच, पुढे उतरता, आणि पुढे बशीएवढा लाल तुकडा उघडा. वणीवाल्यांनी सांगितलेला वायू त्या उघड्या निखाऱ्यावर पेटतो. तो तुकडा नसेल तर वायू वर साठतो, कुठून तरी ठिणगी मिळते आणि धाडकन भडका. दार उघडतं, तावदानं फुटतात, धूरनळी सांध्यातून निखळू शकते. निळ्या ज्वाळा एकसारख्या खेळायला लागल्या की मग हवा कमी करायची, तळाच्या वाटेचा दांडा खाली.

आग आधीच मंद असेल तर क्रम उलटा. आधी हवा, मग पातळ थर, तो धरला की मगच हलवणं. मरत आलेली आग हलवली की गेलीच.

भरायचं दार उघडायच्या आधी नळीतली झडप उघडा, दार बोटभर उघडून अर्धा मिनिट थांबा, मग पूर्ण.

धुराडे
राखेचं दार उघडं ठेवून खोलीबाहेर जायचं नाही, हेही जोडा. फक्त दहा मिनिटं म्हणून गेलेला माणूस तासाने येतो, तोवर जाळी वाकलेली असते. राखेचा ट्रे भरून जाळीला टेकला तरी तेच. जाळीला थंड ठेवते ती खालून येणारी हवा, दुसरं काही नाही.

नळीत झडप कोणती बसवावी, यावर माझं मत स्पष्ट आहे: वजनाने आपोआप उघडणारी हवा-झडप. ओढ वाढली की ती खोलीतली हवा धुराड्यात घेते आणि आगीवरची ओढ स्थिर ठेवते. मॅनोमीटर (ओढ मोजायचं यंत्र) लावून शेगडी आणि झडप यांच्या मध्ये ओढ ०.०४ इंच पाण्याच्या दाबाच्या आसपास ठेवा. वादळी रात्री धुराड्याची ओढ दुप्पट होते. झडप नसेल तर पहाटेपर्यंत पात्र रिकामं.

बिडाचा_तवा
इथे असहमत. या शेगड्या हाताने फिरवायच्या झडपेसाठी बनवलेल्या आहेत. आपोआप उघडणारी झडप खोलीतली तापलेली हवा सतत बाहेर फेकते आणि धुराडं थंड करते. बेस हीटरमधून वायू आधीच थंड होऊन येतात, नळी बाहेरून साधारण ७० ते १२० अंश सेल्सियस. त्यात खोलीची हवा मिसळली तर बाहेरच्या भिंतीवरच्या धुराड्यात ओढ आणखी पडेल. शेगडी घट्ट असेल तर खालची हवा अचूक बांधता येते, मग आपोआप झडपेची गरजच काय?

धुराडे
"शेगडी घट्ट असेल तर." शंभर वर्षांच्या बिडाबद्दल ही अट मोठी आहे. आणि हातझडप पूर्ण बंद होणारी असेल तर अर्धवट झोपेत ती बंद करणारा माणूस सकाळी उठेलच असं नाही.

बिडाचा_तवा
ते मान्य. हातझडप लावायची तर तिच्या पात्याला भोकं असलेली किंवा कडा कापलेलीच लावावी, म्हणजे पूर्ण बंद करताच येत नाही. कुठलीही झडप लावा, मॅनोमीटर मात्र दोघांच्याही मते हवाच, असं लिहायला हरकत नाही ना?

धुराडे
अजिबात नाही. स्क्रँटनकर, तुमचं धुराडं घराच्या आतून जातं की बाहेरच्या भिंतीला लागून, ते लिहा. आतून असेल तर ते उबदार राहतं आणि बिडाच्या_तव्यांचा मार्ग चालू शकेल.

दक्षता
कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रं प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर. पण अमेरिकेतली नेहमीची यंत्रं यूएल २०३४ या सुरक्षा मानकाप्रमाणे चालतात: ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) १ ते ४ तासांनी, १५० ला १० ते ५० मिनिटांनी, ४०० ला ४ ते १५ मिनिटांनी वाजतात. म्हणजे ५० पीपीएम दिवसभर राहिला तर यंत्र गप्प बसू शकतं आणि घरातल्यांची डोकी दुखत राहतात. म्हणून कमी पातळीचा आकडा दाखवणारं एक यंत्र शेगडीच्या मजल्यावर असावंच. आकडा शून्यावरून हलला की कारण शोधायचं, खिडकी उघडून पुढे जायचं नाही.

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. तिथे धुराडंच नसतं. इथे आहे, पण ओढ उलटली की फरक उरत नाही.

गोधडी
ओढ उलटते कधी?

दक्षता
बाहेर १० अंश सेल्सियसच्या वर गेलं, धुकं-पाऊस, वारा नाही, आणि आग अगदी मंद. धुराडं तापत नाही, वायू वर चढत नाहीत. ऑक्टोबर आणि एप्रिल हे धोक्याचे महिने. अशा दिवसांत आग विझू द्यावी. शिवाय स्वयंपाकघरातला मोठा पंखा आणि कपडे वाळवायचं यंत्र घरातली हवा बाहेर फेकतात, ती भरून यायला धुराडं हीच सोपी वाट असते. दोन्ही चालू करून मॅनोमीटरचा काटा बघा.

हिशोबी
मी मूळ कल्पनेलाच विरोध करतो. वर आलेला आकडा घ्या: घरात रोज साडेतीन लाख बीटीयू, म्हणजे सुमारे १०२ युनिट उष्णता. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र) अडीच पट परतावा देत असेल तर तेवढ्यासाठी ४१ युनिट वीज पुरते. आणि हवामानाचा विचार: १० लाख बीटीयूमागे अँथ्रासाइट साधारण २२८ पौंड कार्बन डायऑक्साइड सोडतो, नैसर्गिक वायू ११७. ४० पौंड कोळशाचे दिवसाला सुमारे ५२ किलो, तेवढीच ऊब चांगल्या गॅस भट्टीने दिली तर २० किलो. सुंदर वस्तू आहे, जपून ठेवावी. रोज पेटवायची गरज नाही.

टेम्सकाठ
इंग्लंडमध्ये घरगुती धुराच्या कोळशाची विक्री बंद झाली आहे: पोत्यातला १ मे २०२१ पासून, सुटा १ मे २०२३ पासून. अँथ्रासाइटला मात्र परवानगी आहे, कारण तो धूर देत नाही. १९५२ च्या डिसेंबरातलं लंडनचं धुकं आणि १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा हे त्याचं मूळ. म्हणजे शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न बराच सुटतो, हिशोबींनी मांडलेला कार्बनचा नाही.

कोळशाची_पाटी
हिशोबींचे आकडे बरोबर आहेत. माझ्या मते शेगडीची जागा दुसरी आहे: बर्फाच्या वादळात दोन दिवस वीज गेली तर हीट पंप आणि गॅस भट्टीचा पंखा दोन्ही बंद. ही शेगडी विजेशिवाय चालते. त्यासाठी अर्धा टन कोळसा कोरडा ठेवावा आणि पेटवायचा सराव वादळाआधीच करावा.

हिशोबी
या वापराला माझी पूर्ण सहमती.

अभ्रक
तावदानांबद्दल कुणीच लिहिलं नाही! ती काच नाही, मस्कोव्हाइट अभ्रक आहे. झारखंडातलं कोडरमा आणि आंध्रातलं नेल्लोर हे शीट अभ्रकाचे जगप्रसिद्ध पट्टे. नवी पत्री कात्रीने कापता येते. जुन्या पत्रीपेक्षा कणभर लहान कापा आणि चौकटीचे स्क्रू हलक्या हाताने बसवा. बीड तापून सरकतं, पत्री आवळून धरली तर तिचे पापुद्रे सुटतात. धुरकट झालेली पत्री शेगडी थंड असताना पांढऱ्या व्हिनेगरने आणि मऊ फडक्याने पुसा. दुधाळ झाली असेल तर पुसून उपयोग नाही, बदला. निकेलवर घासणी किंवा खरखरीत पूड कधीही नाही.

तडकलेलं तावदान हा दिसण्याचा प्रश्न नाही. भट्टीच्या वर तेवढी हवा आत जाते आणि ओढ खाते.

गोधडी
राखेचं काय करायचं? भांड्यांना, झाडांना?

वणीवाला
दोन्हीला नाही. आपली भांडी घासायची राख लाकडाची आणि गोवरीची. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिकसारखे जड घटक असतात. भाजीच्या वाफ्यात, तुळशीत, भांड्यांवर कुठेच नको. ४० पौंडांमागे ४-५ पौंड राख, वर थोडा न जळलेला कोळसा. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर. त्यात निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहतो. बर्फाळ पायवाटेवर पाय घसरू नये म्हणून टाकतात, तेवढा उपयोग खरा.

निखारा
थोडं इतिहासाचं, कारण मुद्द्याला धरून आहे. ११ फेब्रुवारी १८०८ ला स्क्रँटनच्या शेजारच्या विल्क्स-बॅरीत जेसी फेल यांनी उघड्या लोखंडी जाळीवर अँथ्रासाइट पेटवून दाखवला, भात्याशिवाय. तोवर लोहार तो भात्याच्या जोरावर वापरत, घरात तो जळणार नाही अशीच समजूत होती. फरक केला तो खालून मोकळी हवा देणाऱ्या जाळीने आणि वरच्या ओढीने.

दक्षता
अंतरांबद्दल. अशा जुन्या, प्रमाणपत्र नसलेल्या शेगडीला एनएफपीए २११ या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे जळणाऱ्या भिंतीपासून ३६ इंच अंतर हवं, एकेरी पत्र्याच्या नळीला १८ इंच. भिंतीपासून १ इंच पोकळी सोडून २४ गेजचा पत्रा उभा केला, वर-खाली हवा खेळती ठेवली, तर ३६ चे १२ इंचांपर्यंत करता येतात. पत्रा भिंतीला चिकटवला तर सूट नाही. काम त्या पोकळीतल्या हवेचं आहे. प्लास्टरखाली लाकडी पट्ट्या असतील तर ती भिंतही जळणारीच समजा. घराच्या विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

नळी काळ्या पत्र्याची, २४ गेज, ६ इंची. जस्ताचा मुलामा असलेली नको. प्रत्येक सांध्याला ३ स्क्रू. आडवी नळी धुराड्याकडे फुटाला पाव इंच चढती. तिचं टोक अस्तराच्या आतल्या कडेशी सपाट थांबलं पाहिजे. आत घुसलं तर वाट अडते.

स्क्रँटनकर
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. धुराडं घराच्या मधून जातं, बाहेरच्या भिंतीला नाही. आणि कॅमेऱ्याच्या तपासणीचा अहवाल आला: मातीच्या अस्तराच्या दोन नळ्यांमधला सांधा सरकलेला, माळ्याच्या पातळीवर एका नळीला उभी भेग, वर पक्ष्यांच्या घरट्याचे अवशेष. शेगडी मात्र उजेडाच्या कसोटीत जवळपास उत्तीर्ण, फक्त राखेच्या दाराची चौकट गळते. धुराड्यात वरून स्टेनलेस स्टीलचं नवं अस्तर बसवावं असं अहवालात सुचवलं आहे. तेवढं करून जानेवारीत पेटवावी का?

गोधडी
चिमणीत चिमणीचं घरटं!

धुराडे
या हिवाळ्यात नाही. उभी भेग माळ्याच्या लाकडांशेजारी आहे, तिथून उष्णता आणि वायू दोन्ही बाहेर पडतील.

स्टेनलेसबद्दल विचार करा. कोळशाच्या वायूत गंधक असतं. राखेचा थर, त्यावर उन्हाळ्याची दमट हवा, की सल्फ्यूरिक आम्ल. पातळ स्टील ते फार वर्षं सोसत नाही. कोळशासाठी मातीच्या नळ्या उत्तम. भेगाळलेल्या काढून नव्या बसवता येतात किंवा आत उष्णतारोधक मिश्रण ओतून अखंड अस्तर करता येतं. महाग आहे, पण ते एकदाच. दरपत्रक मागताना "दगडी कोळशासाठी" हे शब्द लेखी घालून घ्या. लाकूड आणि गॅससाठीची हमी इथे उपयोगाची नाही. काम मे-जूनमध्ये. चुन्या-सिमेंटला वाळायला वेळ मिळतो आणि कारागीरही मोकळे असतात. वर जाळीची टोपी बसवा, पण जाळीची छिद्रं फार बारीक नकोत, उडणाऱ्या राखेने बुजतात.

बिडाचा_तवा
धुराडं घराच्या मधून आहे म्हणजे हातझडपेचा माझा आग्रह कायम, भोकांच्या पात्यासह.

तोपर्यंत शेगडीचं काम करून घ्या. राखेच्या दाराची चौकट काढून बैठक घासून सपाट करा. लांबी भरण्याआधी चौकटीवर खडू फासा आणि दार लावून उघडा. खडू जिथे उमटत नाही तिथे फट. तळाच्या वाटांमधली जुनी राख मागचं झाकण काढून व्हॅक्यूमने ओढा, तिथे अनेक वर्षांची साठलेली असते. जाळीचा दांडा आणि दाते सुटे करून, ग्राफाइट लावून परत बसवा. तेल नाही, ते जळून गोंद होतं.

निखारा
आणि नळी आता जोडलेली असेल तर काढून ठेवा. आत राख असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायची. पुढे दर एप्रिलमध्ये हेच, शेवटची आग विझली की त्याच आठवड्यात.

स्क्रँटनकर
ठरलं तर. अस्तर मे महिन्यात मातीच्या नळ्यांचं, आणि वादळासाठी नट आकाराचा अर्धा टन सप्टेंबरात. एकच शंका उरली: माळ्यावर धुराड्याच्या विटा आणि लाकडी तुळईत फक्त अर्धा इंच अंतर दिसतं. ते सिमेंटने भरून घ्यावं का?

दक्षता
भरू नका! घराच्या आतल्या धुराड्याला लाकडापासून २ इंच मोकळी हवा लागते, आणि ती मोकळीच राहिली पाहिजे. सिमेंट उष्णता लाकडापर्यंत नेतं. तुळईच मागे घ्यावी लागेल, तीही सुताराने आडवी तुळई बांधून भार वळवल्यावर. मजल्याच्या पातळीवर पोकळी बंद करायची ती पत्र्याने, खालून. अस्तराचं काम चालू असतानाच सुतार बोलवा.